गोल्डन गेट पुलावरचे ११ मृत्यू: हेल्मेट, जाळी आणि सुटलेले मचाण

सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, उपसागर जिथे पॅसिफिकला मिळतो त्या गोल्डन गेट सामुद्रधुनीवर पूल बांधायला ५ जानेवारी १९३३ रोजी सुरुवात झाली. त्या वेळी अमेरिकेतल्या मोठ्या पुलांच्या धंद्यात एक हिशेब सर्रास मानला जात असे: दर १० लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जाणार. या पुलाचे अंदाजपत्रक साडेतीन कोटी डॉलरचे होते. म्हणजे पहिला दगड बसण्याआधीच ३५ मृत्यू खात्यावर मांडलेले होते आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नव्हते. २७ मे १९३७ रोजी पूल पायी चालणाऱ्यांसाठी खुला झाला, तेव्हा प्रत्यक्षात ११ कामगार दगावलेले होते आणि त्यांपैकी १० जण एकाच दिवशी, एकाच घटनेत गेले होते. त्याच उपसागरावर त्याच काळात बांधल्या गेलेल्या बे ब्रिजवर याच्या दुपटीहून अधिक माणसे गेली.

बांधकामावरच्या माणसांनी हेल्मेट, पट्टा, बूट वापरावेत यासाठी जे धडपडतात, त्यांच्यापुढे हे प्रकरण बहुधा यशोगाथा म्हणून ठेवले जाते. ते तसे आहेच. पण तेवढ्यावर थांबले तर त्यातला उपयोगाचा भाग हातून निसटतो. या एकाच कामावर हेल्मेट सक्तीने वापरले गेले, शिसेबाधेपुढे मुखवटा अपुरा पडला, जाळीने १९ जणांना वाचवले आणि तीच जाळी एका सकाळी उपयोगाची राहिली नाही. साधन कुठे टिकले आणि कुठे टिकले नाही, हे चारही प्रसंग शेजारी ठेवून पाहिल्यावरच कळते.

कामाचे स्वरूप आधी ध्यानात घ्यायला हवे. दोन मनोरे पाण्यापासून ७४६ फूट, म्हणजे सुमारे २२७ मीटर उंच. त्यांच्यामधला गाळा ४,२०० फुटांचा. आणि रस्त्याची पातळी पाण्यापासून सुमारे २२० फुटांवर. खाली भरती-ओहोटीचा जबर ओढा असलेले थंडगार पाणी, वर समुद्रावरून घोंघावत येणारा वारा, आणि तासातासाला दाटून येणारे धुके, ज्यात पायाखालची तुळई ओली आणि निसरडी होते. एकेका मनोऱ्यात पोलादाचे भाग जोडणारे सुमारे ६ लाख रिव्हेट ठोकले गेले. रिव्हेट भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा, ठोकणाऱ्या जोडीपर्यंत पोचवायचा आणि निवायच्या आत भोकात बसवून त्याचे डोके ठोकायचे, असे ते काम. हातून सुटलेला रिव्हेट, पाना किंवा बोल्ट खाली काम करणाऱ्याच्या डोक्यावर येणार, हा तिथला रोजचा धोका होता. माणूस खाली पडण्याची भीती सगळ्यांना असते. वरून वस्तू पडण्याची भीती मात्र ज्याने असा मार एकदा पाहिला आहे त्यालाच असते, आणि म्हणूनच डोक्यावरचे साधन कामगाराच्या गळी उतरवणे पट्ट्यापेक्षाही अवघड जाते.

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हेल्मेटसाठी सान फ्रान्सिस्कोमधल्याच बुलार्ड या कंपनीला गाठले. ही कंपनी १८९८ पासून खाणकामाचे साहित्य विकत होती. संस्थापकाचा मुलगा एडवर्ड बुलार्ड पहिल्या महायुद्धातून परतला, तो सैनिकांच्या पोलादी शिरस्त्राणाची कल्पना डोक्यात घेऊनच. त्याने १९१९ मध्ये ‘हार्ड बॉइल्ड हॅट’ बाजारात आणली. जाड कॅनव्हास वाफेवर मऊ करून साच्यात बसवायचा, सरसाने कडक करायचा आणि वर काळा रंग द्यायचा, अशी तिची घडण. खाणीसाठी केलेली ही टोपी पुलाच्या कामासाठी बेतून घेण्यात आली. वाळूचा मारा करून पोलाद साफ करणाऱ्यांसाठी त्याच कंपनीने तोंड झाकणारे, समोर काच असलेले आणि नळीने ताजी हवा पुरवणारे शिरस्त्राणही तयार केले. जवळपास त्याच वर्षांत नेवाडाच्या वाळवंटात हूव्हर धरणाचे काम चालू होते. तिथल्या कामगारांनी तर आपल्या कापडी टोप्या डांबरात बुडवून, वाळवून स्वतःच कडक टोप्या केल्या आणि त्यांचा उपयोग दिसल्यावर ठेकेदाराने तयार हेल्मेट मागवली. कामगाराला साधन नकोच असते, हे आपल्याकडे मुकादमापासून मालकापर्यंत सगळे ऐकवतात, त्यांच्यासाठी एवढा दाखला पुरेसा आहे. दरडीखाली काम करणाऱ्या माणसाला टोपीची गरज कुणी शिकवावी लागली नाही.

हेल्मेट नेमके काय करते, याकडे जरा जवळून पाहू. बाहेरचे कवच टणक असते खरे, पण निम्मे काम आतल्या पट्ट्यांच्या जाळीचे असते. ही जाळी कवचाला डोक्यापासून थोडे अंतरावर धरते. वरून मार बसला की पट्ट्या ताणल्या जातात, त्या अंतरात धक्का पसरतो आणि मानेवर येणारा भार कमी होतो. म्हणूनच उन्हाचा घाम टिपायला हेल्मेटखाली जाड टॉवेल कोंबला, किंवा आतल्या पट्ट्या तुटल्यावर नुसते कवचच डोक्यावर ठेवले, की टोपी दिसायला तीच राहते आणि उपयोगाला निम्मीही राहत नाही. आजच्या युरोपीय मानकात हेल्मेटची धक्का शोषण्याची चाचणी ५ किलोचे वजन १ मीटरवरून टाकून घेतात. हाच हिशेब ३०० ग्रॅमच्या पान्याला लावला, तर तो १६–१७ मीटरवरून, म्हणजे साधारण पाच मजल्यांवरून पडला की तेवढीच ऊर्जा घेऊन येतो. त्याहून उंचावरून तीच वस्तू आली, तर केवळ हेल्मेटवर विसंबून चालत नाही. वस्तू वरून पडूच नये म्हणून मचाणाला कडेची फळी, हत्याराला दोरी आणि खाली जाळी लागते. दोनशे मीटर उंचीच्या मनोऱ्यावर स्ट्रॉस यांची कॅनव्हासची टोपी सगळे काही झेलणार नव्हतीच. पण शेजारच्या तुळईवरून घरंगळलेला रिव्हेट ती झेलत होती, आणि असे मार रोजचे होते.

अमेरिकेत हेल्मेटची सक्ती झालेले हे पहिले बांधकाम मानले जाते. नियमाला दात होते: हेल्मेट नसेल किंवा उंचावर कसरती करताना सापडला तर कामावरून घरी. आदल्या रात्रीची उतरली नसेल त्याला आंबवलेल्या कोबीचे पाणी पाजले जाई, आणि कामावर दारू पिणाऱ्याला थारा नव्हता. ही शिस्त चालली, यात शंका नाही. पण ती कशाच्या जोरावर चालली हेही पाहायला हवे. महामंदीचे दिवस होते. या नोकरीसाठी बाहेर बेकारांची रांग होती आणि घरी पाठवलेल्याची जागा लगेच भरून निघणार हे दोन्ही बाजूंना ठाऊक होते. आज एखादा सुरक्षा अधिकारी या प्रकरणातून फक्त ‘काढून टाका म्हणजे घालतील’ एवढेच उचलतो, तेव्हा तो त्या रांगेचा जोर उसना घेतो. शिवाय ज्या धाकाने माणूस हेल्मेट घालतो, त्याच धाकाने तो तुटलेल्या फळीबद्दल तोंड उघडत नाही. दुसरा परिणाम नोंदवहीत येत नाही, म्हणून तो कमी खरा ठरत नाही.

सक्तीइतकेच महत्त्वाचे मला दुसरे एक वाटते, ज्याचा उल्लेख सहसा ओझरता होतो. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने डोळे दिपत, म्हणून रंगीत काचांचे चष्मे दिले गेले. खारा वारा कातडी सोलून काढी, म्हणून हाताला-तोंडाला लावायला मलम दिले गेले. चक्कर येऊ नये म्हणून जेवणात बदल सुचवले गेले. त्या खास आहाराने चक्कर कितपत थांबली असेल कोण जाणे. पण चष्मा आणि मलम या गोष्टी अशा आहेत की त्यांनी दिवसअखेर माणसाला बरे वाटते. जे साधन अंगाला सोसते आणि कामातला रोजचा त्रास कमी करते, ते माणूस मागून घेतो. आणि ज्याने डोळ्यांची आणि हातांची काळजी घेतली, त्याने सांगितलेली टोपीही डोक्यावर चढते. आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हात एकाच मापाचे कडक बूट सगळ्या टोळीला वाटले जातात, ते दुपारपर्यंत मचाणाच्या खांबाशी काढून ठेवलेले दिसतात, आणि मग अहवालात ‘कामगारांची उदासीनता’ असे नोंदवले जाते.

मुखवट्याची गोष्ट वेगळी झाली. मनोरे आतून पोकळ खणांचे बनलेले होते. एकेक खण साडेतीन फूट लांब आणि तेवढाच रुंद. त्या कोंदट खणात बसून, वाकून, शिडीला टेकून रिव्हेट ठोकायचे. पोलाद गंजू नये म्हणून त्याला शिशाचा शेंदरी रंग दिलेला असे. लालभडक रिव्हेट त्या रंगाला टेकला की रंग जळे आणि शिशाची वाफ खणात साठून राही. माणसे आजारी पडू लागली. शिसेबाधेत पोटात कळा येतात, अशक्तपणा येतो, आणि ही लक्षणे दुसऱ्या दहा आजारांचीही असू शकतात, त्यामुळे दुखणे कामातून आले आहे हे पटकन ध्यानात येत नाही. उपाय म्हणून मुखवटे आले. पण साडेतीन फुटांच्या खणात, भट्टीतून आलेल्या धातूच्या धगीत, जोडीदाराला ओरडून इशारा द्यायचा असताना तोंडावरचा मुखवटा सगळी पाळी जागेवर राहणे किती कठीण, हे अशा जागेत शिरून काम केलेल्याला सांगायला नको. अखेर तोडगा निघाला तो रंग बदलून: शिशाच्या जागी लोहाच्या ऑक्साइडचा रंग, म्हणजे आपल्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ज्याला रेड ऑक्साइड म्हणतात त्या जातीचा. विषच काढून घेतल्यावर मुखवटा नीट बसला आहे की नाही यावर कोणाचा जीव अवलंबून राहिला नाही. या प्रकरणातला सर्वांत शांत आणि सर्वांत भक्कम निर्णय मी यालाच म्हणेन. त्याचे छायाचित्र निघत नाही एवढेच.

१९३६ मध्ये रस्त्याच्या पातळीचे पोलाद दोन्ही मनोऱ्यांपासून मध्याकडे सरकू लागले, तेव्हा त्याखाली जाळी टांगण्यात आली. सर्कशीतल्या झुल्याखाली असते तशीच, मनिला दोराची. पण पुलाच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना १० फूट बाहेर निघालेली आणि काम जसे पुढे सरकेल तशी त्याच्याही पुढे जाणारी. तिचा खर्च १ लाख ३० हजार डॉलरहून अधिक झाला. रक्कम मोठी वाटते. अंदाजपत्रकाच्या तुलनेत ती ०.३७ टक्क्यांच्या आसपास भरते. या जाळीत १९ जण पडले आणि वाचले. त्यांनी आपली एक मंडळी स्थापन केली आणि तिला ‘नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेल्यांचा क्लब’ अशा अर्थाचे नाव दिले. जाळी आल्यावर तुळईवर चालणाऱ्यांचा पाय धीट झाला आणि काम वेगाने सरकू लागले, हा अनुभवही नोंदला गेला आहे. काही जण तर गंमत म्हणून मुद्दाम उड्या मारू लागले आणि त्यांना काढून टाकण्याची तंबी द्यावी लागली. संरक्षण मिळाले की माणूस थोडा अधिक धोका पत्करतो, हे अनेकांना जाळीविरुद्धचे कारण वाटते. मला तसे वाटत नाही. उडी मारणाऱ्याला समज देता येते, जाळी नसताना घसरलेल्याला काहीच देता येत नाही.

जाळीचा मोठा गुण असा की ती कोणाला अंगावर घालावी लागत नाही. पट्ट्याचा आकडा प्रत्येक पावलाला सोडून पुन्हा अडकवावा लागतो, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा प्रत्येक माणसाने योग्य निर्णय घ्यावा लागतो. जाळी मात्र एकदा नीट टांगली की थकलेल्यालाही धरते आणि नव्या माणसालाही. त्या कामावर पट्टे आणि दोर होतेच. तरी वाचलेल्या १९ जणांची नोंद जाळीच्या नावे आहे.

पहिला मृत्यू २१ ऑक्टोबर १९३६ रोजी झाला. एक डेरिक, म्हणजे वजन उचलणारी यारी, कोसळून एक कामगार चिरडला गेला. काम सुरू होऊन पावणेचार वर्षे उलटली होती. हेल्मेट, पट्टा किंवा जाळी यांपैकी कशाचाही त्या मृत्यूशी संबंध नव्हता. कोसळणाऱ्या यंत्राखालच्या माणसाला अंगावरचे साधन वाचवत नाही.

त्यानंतर चार महिन्यांनी, १७ फेब्रुवारी १९३७ ला, पोलादाचे मोठे काम संपत आले होते. रस्त्याचे काँक्रीट ओतून झालेले होते आणि त्याच्या खालच्या बाजूने शटरिंगच्या, म्हणजे ओले काँक्रीट धरणाऱ्या साच्याच्या, फळ्या काढणे चालू होते. हे काम रस्त्याचा वेगळा ठेका घेतलेल्या कंपनीकडे होते. पुलाच्या खाली लटकत सरकणारे एक मचाण त्यासाठी केलेले होते, वजनाने सुमारे ५ टन. ते मचाण आपल्या बांधणीतून सुटले आणि जाळीवर आदळले. जाळी माणसाच्या वजनासाठी होती. तिने क्षणभर तोलले, मग ती आपल्या टांगणीतून फाटत गेली आणि मचाण, फळ्या व १२ माणसे २२० फूट खाली पाण्यात गेली. १० जण दगावले, दोघे वाचले. पूल खुला व्हायला जेमतेम १०० दिवस उरले होते.

या अपघातानंतर ‘जाळी अपुरी होती’ असे म्हणणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. ५ टनांचे मचाण झेलेल अशी जाळी करण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न ते मचाण टांगणाऱ्या जोडणीचा होता. वर काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर टोपी होती, पायाखाली एवढी महाग जाळी होती, आणि ज्या मचाणावर ते उभे होते तेच मूळ धोका होते. संरक्षणाच्या साधनांची यादी त्या दिवशी तपासली असती तर ती पूर्ण भरली असती.

मला त्यात दोन गोष्टी विशेष खुपतात. एक म्हणजे ठेक्यांची साखळी: मुख्य कामाची शिस्त कितीही कडक असली तरी नंतर आलेल्या ठेकेदाराच्या मचाणाची जोडणी कोणी, कोणत्या अधिकाराने तपासायची, हे प्रत्येक कामावर वेगळे लिहून ठेवावे लागते. दुसरी म्हणजे टप्पा. पोलाद उभारणी अवघड म्हणून तिथे निवडक माणसे आणि सगळ्यांचे लक्ष. फळ्या काढणे हे उरलेसुरले काम, म्हणून त्याकडे कानाडोळा.

महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा केंद्रीय कायदा आणि त्याच्या जागी आणलेली २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता, दोन्हींचा रोख साधनांची आणि सुरक्षित जागेची जबाबदारी मालकावर टाकण्याकडे आहे. हेल्मेटसाठी आयएस २९२५ आणि उंचीवरच्या पट्ट्यासाठी आयएस ३५२१ ही भारतीय मानके आहेत. याशिवाय राज्याचे इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणी झालेल्या कामगारांना सुरक्षा संच वाटते. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे, चष्मा आणि पट्टाही असतो. संच मिळणे चांगलेच. पण पट्टा घरी पेटीत आला तरी तो अडकवायचा कुठे, हे ठेकेदाराने ठरवायचे असते. स्लॅबच्या कडेला आडवी लाईफलाईन, म्हणजे आकडा अडकवायचा पक्का दोर, ओढलेली नसेल, तर माणूस आकडा परांचीच्या बांबूलाच अडकवतो किंवा कमरेलाच लटकवून ठेवतो, आणि पाहणीला आलेल्याला पट्टा अंगावर दिसतो.

अडकवला तरी हिशेब संपत नाही. साधारण २ मीटरची दोरी, धक्का शोषणारा भाग उघडल्यावर वाढणारे सुमारे पावणेदोन मीटर, पट्ट्याच्या कडीपासून पावलापर्यंतचे दीड मीटर आणि जमिनीपासूनचे मीटरभर अंतर धरले, तर आकड्याच्या खाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. म्हणजे दुसऱ्या स्लॅबच्या कडेवर पायाशी आकडा अडकवून काम करणारा माणूस सर्व नियम पाळूनही जमिनीवर आपटू शकतो. तिथे कडेचा कठडा हवा, किंवा आकडा डोक्याच्या वर हवा, किंवा जाळी हवी.

आणि शटरिंग खोलणाऱ्या टोळीकडे पाहावे. स्लॅब भरताना अभियंता, पंपवाला, व्हायब्रेटरवाला सगळे हजर असतात. पंधरवड्याने साच्याच्या प्लेटा आणि त्यांना खालून टेकू देणारे जॅक काढताना बहुधा एक मुकादम आणि नाक्यावरून आणलेली चार-सहा पोरे असतात. डोक्यावर हेल्मेट आहे की नाही, हे तिथे लगेच दिसते. कोणता जॅक आधी सोडायचा, वरची प्लेट कशावर टेकलेली आहे, खाली कोणी उभे आहे का, आणि ज्यावर ते उभे आहेत ती परांची शेवटची कधी तपासली गेली, हे विचारावे लागते. ती विचारपूस कोणाचे काम आहे, हे ठेक्याच्या कागदात नावानिशी लिहिलेले असले तरच ती होते.